संत बेनेदिक्त : वडीलधाऱ्यांचा मान व धाकट्यांचा शब्द

ज्युबिलीच्या समारंभांत वृद्धांस मानाचें आसन व तरुणांस मंडप उभारण्याचें काम, अशी वांटणी आपल्याकडे ठरूनच गेली आहे. म्हणून या प्रसंगीं संत बेनेदिक्त यांचें चरित्र आपणांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें.

यांचा जन्म सुमारें ४८० सालीं इटलींतील नुर्सिया येथें झाला. विद्याभ्यासासाठीं ते रोमास गेले. परंतु तेथील स्वैर वर्तन पाहून त्यांनीं तें शहर सोडिलें व सुबियाको येथील एका गुहेंत तीन वर्षें एकांतवास केला. रोमानुस नांवाचा मठवासी आपल्या वांट्याची भाकर वांचवून त्यांस दोरीनें खालीं सोडीत असे. पुढें जवळच्या एका मठांतील मंडळींनीं आग्रहानें त्यांस आपले मठाधिपति केलें. पण शिस्त सोसवेना, तेव्हां त्याच मंडळींनीं त्यांच्या द्राक्षारसांत विष कालविलें! आशीर्वादासाठीं हात उचलतांच प्याला फुटला, आणि बेनेदिक्त न रागावतां आपल्या एकांतस्थळीं परतले.

नंतर त्यांनीं तेथें बारा मठ स्थापिले. रोमांतील कुलीन गृहस्थ आपलीं मुलें त्यांच्या स्वाधीन करूं लागले. त्यांत मौरुस हा तरुण व प्लासिदुस हा लहान मुलगा होता. एके दिवशीं पाणी भरतांना प्लासिदुस तळ्यांत पडला व ओढला जाऊं लागला. खोलींत बसलेल्या बेनेदिक्तांस हें अंतरीं कळलें व त्यांनीं मौरुसास पाठविलें. आशीर्वाद घेऊन तो धांवला, केंसांस धरून मुलास कांठावर आणिलें, आणि मागें वळून पाहतो तों आपण पाण्यावरून धांवलों असें त्याच्या ध्यानीं आलें. गुरूनें श्रेय शिष्याच्या आज्ञाधारकपणास दिलें. शिष्य तें गुरूच्या आज्ञेस देऊं लागला. निवाडा केला तो त्या पोरानें : बाहेर निघतांना आपल्या डोक्यावर मठाधिपतींचें कातड्याचें पांघरूण दिसलें, असें त्यानें सांगितलें. पोप संत ग्रेगरी यांनीं ही कथा लिहून ठेविली आहे. आम्हांस चमत्काराइतकाच तो वादही गोड वाटतो.

सुमारें ५२९ सालीं ते मोंते कासिनो येथें गेले. त्यांच्या नियमग्रंथाचीं प्रकरणें ७३. तिसऱ्यांत आज्ञा आहे कीं, महत्त्वाच्या प्रसंगीं मठाधिपतीनें सर्वांस बोलवावें, कारण अधिक हितकर गोष्ट प्रभु पुष्कळदां धाकट्यासच प्रगट करितो. निर्णय मात्र मठाधिपतीचा. (आमच्या सभांत धाकट्यांस विचारतात तें ठराव झाल्यावर, म्हणून हें कलम आम्हीं दोनदां वाचलें.) ६३ व्या प्रकरणांत मठवासीयांचा क्रम वयावरून नव्हे, तर प्रवेशाच्या वेळेवरून लाविला आहे, शमुवेल व दानीएल यांनीं बालवयांत वडिलांचा न्याय केला, याचें तेथें स्मरण दिलें आहे. तरी वडील येतांच धाकट्यानें उठून जागा द्यावी, वडिलानें धाकट्यावर प्रीति करावी व त्यास बंधु म्हणावें. परका पाहुणा नम्रपणें दोष दाखवील, तर प्रभूनेंच त्यास त्याकरितां धाडिलें असेल काय, हें मठाधिपतीनें पाहावें!

सुमारें ५४७ सालीं त्यांस ताप भरला. सहाव्या दिवशीं त्यांनीं आपणांस प्रार्थनामंदिरांत नेवविलें, पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारिलें, आणि शिष्यांनीं हात सांवरून धरिले असतां उभ्यानें प्रार्थना करीत प्राण सोडिला. अगोदर निवर्तलेली बहीण संत स्कोलास्तिका हिच्या शेजारीं, एकाच थडग्यांत, त्यांस ठेविण्यांत आलें.