पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडक शाळाच अंगणात घेऊन गेल्या

अंगणवाडी म्हटलं की खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. पण हा शब्द रुळवणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या लेखी ती आधी शाळा होती.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी झालेलं लग्न टिकलं नाही. पदरात मुलगी. अशात राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी मिळाली. मानाची, चांगल्या पगाराची. १९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. पदवीधर बाईने तीन वर्षांच्या पोरांना शिकवायचं, हे तेव्हा पचणं अवघडच होतं. आजही फार सोपं झालंय असं नाही.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. लहान मुलांना शिकवणं हेही शिकावं लागतं, यावर ताराबाई ठाम होत्या. म्हणून शाळेच्या जोडीला शिक्षिकांचं प्रशिक्षण आलंच. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं, तिथेही तेच.

मग १९४५ मध्ये मुंबई सोडून त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागले. महागडी माँटेसरी साधनं परवडणार कुठून? शंख-शिंपले, बिया, खडे यांनीच मोजणी. १९५७ मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला. वारल्यांची पोरं गुरांमागे जायची, मग कुरणात शाळा भरली. तिचं नाव कुरणशाळा. हे सगळं करता करता अनुताई पन्नाशी गाठल्यावर बीए झाल्या, ही गोष्टही सांगण्यासारखीच.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली. तिने अंगणवाडी हे नाव घेतलं, पण शिकवणाऱ्या बाईला शिक्षिका नाही, सेविका म्हटलं. तिला मिळतं ते मानधन. २०१८ मध्ये केंद्राने ते महिना ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, राज्य आपली भर वेगळी घालतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला वर्षभराचा अभ्यासक्रम सांगितलाय. प्रशिक्षणाचा ताराबाईंचा आग्रह असा सरकारी कागदावर आला. मानधन मात्र मानधनच राहिलं. साध्या ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायलाही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.