विल्यम हॅमिल्टन स्टेप
विल्यम हॅमिल्टन स्टेप ऊर्फ बिल स्टेप (इ.स. १८७५ – इ.स. १९५७) हे अमेरिकेच्या केंटकी राज्यातील फिडलवादक होते. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ म्हणजेच ‘बोनापार्टची माघार’ या पारंपरिक धूनेच्या त्यांच्या वादनासाठी ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी
स्टेप पूर्व केंटकीच्या डोंगराळ मुलखात वाढले. पुढे ते मॅगॉफिन परगण्यात स्थायिक झाले. फिडल म्हणजे व्हायोलिनच. लोकसंगीतातील वादनपद्धतीमुळे त्याला हे नाव मिळते. या भागातील धुना लिहून ठेवण्याची रीत नव्हती. त्या ऐकून आत्मसात केल्या जात.

ध्वनिमुद्रण
लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी इ.स. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये सॅलियर्सव्हिल येथे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी स्टेप यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही धून सहसा संथ रणगीताप्रमाणे वाजवली जाई. तिच्यासाठी फिडलची सर्वांत जाड तार उतरवून लावतात. त्यामुळे मशकवाद्यासारखा अखंड आधारस्वर मिळतो. स्टेप यांनी मात्र ही धून द्रुत लयीत वाजवली. त्यामुळे माघारीच्या संथ चालीचे उसळत्या नृत्यसंगीतात रूपांतर झाले.

‘रोडिओ’मधील वापर
रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी हे ध्वनिमुद्रण बारकाईने ऐकून स्वरलिपीबद्ध केले. ही स्वरलिपी जॉन व ॲलन लोमॅक्स यांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ (इ.स. १९४१) या संग्रहात प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे संगीतकार एरन कोपलंड यांनी ‘रोडिओ’ (इ.स. १९४२) या बॅलेतील ‘होडाउन’ या भागाची मुख्य धून रचली. धून पारंपरिक असली, तरी कोपलंड यांनी घेतलेले वळण स्टेप यांच्या वादनाचे होते. पुढे ‘होडाउन’ वाद्यवृंदांच्या मैफली, रॉक संगीत आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती यांतून सर्वपरिचित झाले. सामान्य श्रोत्यांना मात्र त्यामागील फिडलवादकाचे नाव ठाऊक नव्हते.

वारसा
स्टेप यांचे मूळ ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समाविष्ट आहे. लेखक व बँजोवादक स्टीफन वेड यांनी ‘द ब्यूटिफुल म्युझिक ऑल अराउंड अस’ (इ.स. २०१२) या ग्रंथात स्टेप यांचे जीवन व या धूनेचा प्रवास मांडला आहे. पारंपरिक धून सामूहिक ठेवा मानली जाते. परंतु तिच्या एखाद्या रूपावर एकाच वादकाची छाप कशी असू शकते, याचे हे ध्वनिमुद्रण ठळक उदाहरण आहे.