वाटाण्याचा कोंब अन् नाचणाऱ्या काड्या : दादासाहेब फाळके यांची कमी माहीत असलेली ओळख

मारेगाव : ३० एप्रिल ही दादासाहेब फाळके यांची जयंती. 'राजा हरिश्चंद्र' काढणारे फाळके शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहेत. पण आज पोरं मोबाईलवर तासन्‌तास जी कार्टून पाहतात, तसला निर्जीव वस्तू चालवून दाखवण्याचा खेळ आपल्या देशात पहिल्यांदा मांडणाऱ्यांतही फाळकेच होते, हे फार जणांना ठाऊक नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला, तिथे प्लेगात बायको अन् मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नक्षे काढण्याची नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, रंगीत छपाईचे यंत्र आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदाराशी पटले नाही, छापखानाही सुटला. मधल्या काळात जादूचे प्रयोग करायचे. फाळके हे आडनाव उलटे वाचा, 'केळफा' होते. त्याच नावाने प्रोफेसर केळफा म्हणून ते लोकांसमोर उभे राहत. हा माणूस एका जागी टिकत नाही, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर त्यात नवल नाही. पण चित्र, फोटो, छपाई, जादू हे सगळे पुढे एकाच कामी आले.

१९११ मध्ये मुंबईत गिरगावच्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने झोप उडाली. रोज सिनेमे पाहणे, घरी रात्री प्रयोग करणे, यात डोळ्यांवर इतका ताण आला की काही दिवस दिसेनासे झाले. उपचाराने नजर परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीने लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, कॅमेरा विकत घेतला अन् १ एप्रिलला परत.

आता कॅमेरा होता, पण सिनेमाला भांडवल कोण देणार? नुसत्या बोलण्यावर पैसा सुटत नाही, हे कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. फाळकेंनी मग एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा लावला अन् महिनाभर ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. त्यातून मिनिटभराची फिल्म तयार झाली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो, सगळे डोळ्यांदेखत! 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. पेरल्यावर रोज धुऱ्यावर जाऊन उगवण झाली का बघणाऱ्या शेतकऱ्याला ती महिनाभराची वाट काय असते ते कळेल. आता मोबाईलच्या कॅमेऱ्यात टाईमलॅप्सचे बटन असते. तेव्हा ते बटन म्हणजे फाळकेंचा हात होता.

ही फिल्म पाहून पैसे देणारे तयार झाले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही काढून दिले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, अन् वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सगळे त्यांनीच सांभाळले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. बायका कामाला मिळाल्या नाहीत, म्हणून तारामती झाले खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके. पुढचे यश सगळ्यांना माहीत आहे.

१९१४ मध्ये सिनेमे घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, पण महायुद्ध पेटले. परत आले तर इथे पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला. मोठा सिनेमा काढणे कठीण. अशा तंगीत त्यांनी छोट्या छोट्या फिल्म केल्या. १९१५ ची 'आगकाड्यांची मौज' त्यातलीच. नट नाही, कपडे नाहीत, खर्च काड्यापेटीचा! काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा एक. तेव्हाच्या मूकपटात एका सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभर काड्या हलत्या ठेवायच्या तर नऊशेच्या वर चित्रे, अन् मध्येच हात लागून काडी ढळली की केलेले वाया. जो माणूस डोळे जाता जाता वाचला, तोच हे डोळेफोड काम करत होता.

जगातही ही कला तेव्हा नवीच होती. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०६ मध्ये फळ्यावरचे चेहरे हलवले, फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्याच हलवल्या. विन्सर मॅके यांची डायनासोरची 'गर्टी' १९१४ ची. वॉल्ट डिस्नेचा मिकी माऊस पडद्यावर यायला १९२८ उजाडले. म्हणजे नाशिकचे फाळके फार मागे नव्हते. फरक इतकाच की तिकडे पुढे त्याचे कारखाने उभे राहिले, इकडे फाळकेंना तो खेळ बाजूला ठेवावा लागला.

हातातली कला मात्र वाया गेली नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मधला उडता मारुती, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधली नागाशी झुंज या त्याच हाताच्या करामती. त्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांशी पुन्हा बिनसले. कंपनी सोडून काशीला गेले, १९२२ मध्ये परतले, मग बोलपट आला अन् काळ पुढे निघून गेला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट अन् शेवटचा सिनेमाही.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले. तोवर सिनेमावाल्यांना त्यांचा विसरच पडला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

'कालिया मर्दन' बराचसा शाबूत आहे, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तो जपून ठेवला आहे. 'आगकाड्यांची मौज' मात्र आज कुठेच पाहायला मिळत नाही.