दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्म सभा

आपल्या सुरत शहराशी ज्या थोर महाराष्ट्रीयांचा ऋणानुबंध जडला, त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म मुंबईस १८१४ साली झाला. १८३६ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. लोकांच्या मुखी सहज वावरणाऱ्या भाषेस त्या ग्रंथाने नियमांची चौकट दिली.

पुढे अध्यापनाच्या निमित्ताने ते सुरतेस आले. येथे दुर्गाराम मेहताजी यांच्यासारखा तळमळीचा गुजराती शिक्षक त्यांस स्नेही लाभला. अशा मोजक्या मित्रांच्या विचारविनिमयातून २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक व मानवजात एक, हे तिचे सूत्र. जातिभेद, भूतबाधा, मंत्रतंत्र यांवर तेथे उघड चर्चा होई. मांत्रिकांस जाहीर आव्हानही दिले जाई. परंतु सभेचा सारा भार दोनचार व्यक्तींच्या खांद्यावर होता. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली मेहताजी राजकोटास गेले आणि सभा मावळली. मेहताजींनी रोजनिशी लिहून ठेवली म्हणूनच तिचे कार्य आज आपणांस कळते.

मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तेथे प्रवेश करतानाच जातिबंधन मोडावे लागे. म्हणून सर्व कारभार गुप्त असे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याच्या भयाने मंडळी पांगली.

१८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर त्यास मिळाले. या समाजाचा कारभार उघड होता, उपासना नियमित होती व पुढे स्वतःचे मंदिरही झाले. म्हणून तो टिकला. मात्र जातिबंधन मोडण्याची जुनी अट त्याने ठेवली नाही. स्थैर्यासाठी दिलेले ते मोल लहान नव्हते.

दादोबा १८८२ साली निवर्तले. त्यांच्या चरित्रापासून आपण सभासद कुटुंबांनी एवढा बोध घ्यावा : कार्य एकट्यादुकट्यावर विसंबू नये, नोंदी नीट ठेवाव्यात, पुढील पिढीस वेळीच हाताशी घ्यावे, आणि नियम पाळताना ते कशासाठी केले होते, याचा विसर पडू देऊ नये.