श्रीटेंबे स्वामी महाराजांच्या दोन छाट्या



दत्तजयंतीच्या अंकात प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांवर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितं. ग्रंथांवर लिहितात, अनुभूतींवर लिहितात. तो माझा अधिकार नाही. मी बँकेतला निवृत्त कारकून, मला हिशोब कळतो. म्हणून महाराजांच्या सामानाचाच हिशोब मांडतो.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळच्या माणगावचा, श्रावण वद्य पंचमी, १३ ऑगस्ट १८५४. वडील गणेशपंत, आई रमाबाई. आजोबा हरिभट्टांनी लहानपणीच वेदविद्येचे संस्कार केले. पुढे अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. नरसोबाच्या वाडीची ओढ होतीच. माणगावी दत्तमंदिर उभं केलं, सात वर्षं तिथे सेवा केली आणि मग घर सोडलं. बरोबर अन्नपूर्णाबाई होत्या. प्रपंच होता, पण वाटेवरचा.

१८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. महाराजांनी उत्तरकार्य केलं आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. आपण हे चरित्रात एका ओळीत वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटत होतो. दोन वर्षांपूर्वी आमची ही गेली, तेव्हापासून त्या ओळीवर थांबतो.

संन्यासानंतर उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि चालणं सुरू झालं. उत्तरेत हिमालय, हरिद्वार, गंगाकाठचं ब्रह्मावर्त, पश्चिमेला द्वारका, दक्षिणेत तंजावर, कृष्णेतलं कुरवपूर. तेवीस चातुर्मास झाले. वाहन नाही, पायात काही नाही, पैशाला स्पर्श नाही. बरोबर काय? दंड, कमंडलू, पूजेचा संपुट, उपनिषदांची पोथी, लंगोट्या आणि दोन छाट्या. संपली यादी.

आता हिशोब बघा. दोन छाट्या म्हणजे एक अंगावर आणि दुसरी वाळत. तिसरी शिल्लक नाही. स्नान करून ओलं वस्त्र धुवायचं, पिळायचं, वाळत टाकायचं, हे संन्याशाच्या आन्हिकातलंच काम. आज कंटाळा आला, उद्या धुऊ, असं म्हणायची सोयच नाही. आज थकबाकी ठेवली की उद्या सोवळ्याला वस्त्र नाही. त्यात महाराजांना संग्रहणीचा त्रास वर्षानुवर्षं होता. पोट बिघडलेल्या माणसाला कपड्यांचं किती पडतं, हे ज्याच्या घरात आजारपण झालं त्याला सांगायला नको. तरी स्नान चुकलं नाही, चालणं थांबलं नाही, आणि याच काळात दत्तपुराण, करुणात्रिपदी लिहून झाली. आमच्या बोरिवलीत जुलै महिन्यात बनियन दोन दिवस वाळत नाही म्हणून आम्ही कुरकुरतो.

कुरवपूरचं नाव आलं की श्रीगुरुचरित्रातला रजक आठवतो. नदीवर धुणं धुवायला यायचा आणि श्रीपाद श्रीवल्लभांना रोज नमस्कार करायचा. पुढच्या जन्मी तो बिदरचा राजा झाला. त्याच कुरवपुरात महाराजांचा चातुर्मास झाला. पारायणात मला त्याचं राज्यच तेवढं मोठं वाटायचं. त्याच्या रोजच्या धुण्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

शेवटचा चातुर्मास नर्मदाकाठी गरुडेश्वरला झाला. तिथेच १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला महाराज समाधिस्थ झाले.

मागच्या वर्षी मी एकटाच गरुडेश्वरला गेलो. बोरिवलीहून गाडीने बडोदा आणि पुढे एसटी. चार दिवसांसाठी सात जोड कपडे घेतले होते. कारण सरळ होतं. मला धुता येत नव्हतं. छत्तीस वर्षं नोकरी केली, कडक इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरवर बसलो, पण प्रवासात संध्याकाळी माझा शर्ट खिडकीच्या गजाला वाळत घातलेला असायचा तो कुणी घातला, कधी बघितलं नाही. तीच करायची. वाडीला, गाणगापूरला, औदुंबरला, सगळीकडे. आधी माझे कपडे, मग तिची साडी.

त्या बॅगेच्या ओझ्याने बसस्टँडवरच गुडघा धरला. समाधीसमोर बसलो, तर यादी डोळ्यांपुढे आली: दोन छाट्या. माझे सात जोड.

संध्याकाळी खोलीवर बादली घेऊन बसलो. घाटावर नाही गेलो. तीर्थाच्या पात्रात मळ सोडू नये, ही आपली जुनी शिकवण. (हल्ली परिक्रमेला जाणारे साबणाच्या वड्या घेऊन पाण्यात उतरतात, तेही लिहून ठेवतो.) साबण जास्त झाला. चार पाण्यांनी फेस जाईना. धोतर पिळायला मनगटात जोर नव्हता. मग एक टोक नळाला अडकवलं, दुसऱ्या टोकाने पीळ दिला. ही युक्ती तिची. मी बघितली होती म्हणायची, मला वाटत होतं बघितली नाही.

दोरी नव्हती. पंचा आणि धोतर खिडकीच्या गजाला घातलं. पहाटे काकड आरतीला ते नेसून गेलो. काठ अजून ओलाच होता.