बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले

बालमित्रांनो, आपल्या वसई-विरारची मॅरेथॉन शर्यत 2011 साली सुरू झाली. ती तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पुरी करणारा पहिला भारतीय माणूस कोण, ते तुम्हांला माहीत आहे का? त्यांचं नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्यांची गोष्ट मी आज सांगणार आहे.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते सांगते. ग्रीस देशात मॅरेथॉन नावाचं गाव आहे. फार फार वर्षांपूर्वी तिथे लढाई झाली. लढाई जिंकल्याची बातमी सांगायला एक शिपाई अथेन्स शहरापर्यंत न थांबता पळत गेला, अशी दंतकथा आहे. त्यावरून या शर्यतीला मॅरेथॉन हे नाव पडलं. ही शर्यत 42 किलोमीटर आणि 195 मीटरची असते. म्हणजे केवढी? विरारहून लोकलने सांताक्रूझला जायचं तर जवळजवळ एवढंच अंतर पडतं. गाडीत बसून पण कंटाळा येतो, आणि हे लोक तेवढं पळतात!

फडेप्पा बेळगावचे. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, आता ते कर्नाटकात आहे. 1919 साली पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. पळणारे बरेचसे खेड्यातले शेतकरी होते. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं आणि ते अनवाणीच पळत होते. तरी त्यांचा वेग पाहून टाटांना नवल वाटलं. हे लोक परदेशातल्या पळणाऱ्यांना पण भारी पडतील, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी खटपट केली, स्वतःचे पैसे दिले आणि खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवायचं ठरवलं.

चार धावपटू आणि दोन पैलवान निवडले गेले. त्यांत फडेप्पा होते. 1920 साली ते मुंबईहून बोटीने निघाले. आधी लंडनला सराव केला आणि मग बेल्जियम देशात अँटवर्प शहरी गेले. पहिलं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती.

फडेप्पांनी आधी 10,000 मीटरच्या शर्यतीत भाग घेतला. पण ती शर्यत त्यांना पुरी करता आली नाही. किती वाईट वाटलं असेल! आपलं गाव हजारो मैल लांब, बोली परकी, खाणं परकं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की आता पुरे झालं. पण फडेप्पा थोड्याच दिवसांत मॅरेथॉनला उभे राहिले.

तो दिवस होता 22 ऑगस्ट 1920. थंडी होती आणि पाऊस पण पडत होता. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, 42 किलोमीटर 750 मीटर. पुष्कळ जणांनी मधेच शर्यत सोडली. आपले दुसरे धावपटू सदाशिव दातार यांना पण ती पुरी करता आली नाही. फडेप्पा मात्र थांबले नाहीत. 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत ते पोचले. त्यांचा नंबर एकोणिसावा आला. फिनलंड देशाचे हानेस कोलेमायनेन पहिले आले. त्यांच्यात आणि फडेप्पांच्यात फक्त 18 मिनिटांचं अंतर होतं.

फडेप्पांना पदक मिळालं नाही, म्हणून त्यांचं नाव मागे पडलं. त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. पण त्यांच्या वेळी सुरू झालेलं काम थांबलं नाही. 1924 साली पॅरिसला भारताचे खेळाडू परत गेले. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आता माझी गोष्ट सांगते. मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या शर्यतीत मी दुसऱ्या फेरीलाच खाली बसले. नंबर येणार नाही हे कळलं होतं, मग कशाला पळायचं, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी सांगितलं की पायात गोळा आला. ते खोटं होतं. फडेप्पांची माहिती कळली तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्यांच्या पुढे अठरा माणसं होती, तरी ते शेवटपर्यंत पळाले.

पुढच्या वेळी मी तिन्ही फेऱ्या पुऱ्या करणार आहे, मग नंबर शेवटचा आला तरी चालेल. आणि पालकांनो, जो मुलगा किंवा मुलगी सगळ्यांत शेवटी येईल, त्यांच्यासाठी पण टाळ्या वाजवा हं!

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी