वाक्यमीमांसक गोपाळराव आगरकर

कृष्णेच्या तीरीं, कऱ्हाडापासून थोड्याच अंतरावर, टेंभू नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथून उचललेलें नदीचें पाणी आज सांगली जिल्ह्यांतील खानापूर, आटपाडी यांसारख्या अवर्षणग्रस्त भागांस मिळतें, म्हणून त्या गांवाचें नांव आतां शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे. परंतु त्याच्याहि पूर्वीं या गांवानें महाराष्ट्रास एक थोर पुरुष दिला. सुधारक म्हणून गोपाळ गणेश आगरकर यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. पण मराठी वाक्याची चिकित्सा करणारे व्याकरणकार म्हणून ते फारच थोड्यांस ठाऊक आहेत. त्यांच्या चरित्राची ही बाजू विद्यार्थ्यांस विशेष उपयोगी आहे असें वाटल्यावरून आम्ही ती येथें सादर करीत आहों.

गोपाळरावांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं झाला. घरीं अठराविश्वे दारिद्र्य. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडास मामांच्या आश्रयानें झालें. पुढें शिकण्याची सोय होईना, तेव्हां त्यांनीं कऱ्हाडच्या कचेरींत कांहीं काळ उमेदवारी केली. पण कारकुनींत त्यांचें मन रमलें नाहीं. शिक्षणाच्या आशेनें ते पायीं रत्नागिरीस गेले, तेथेंहि निभाव लागला नाहीं, आणि अखेरीस वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांकडे राहून १८७५ सालीं ते मॅट्रिक झाले. तेथून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. अंगावर एकच सदरा. तो रात्रीं धुवावा आणि सकाळीं वाळला म्हणजे पुन्हां घालावा, अशा स्थितींत त्यांनीं कॉलेजचीं वर्षें काढलीं. शिष्यवृत्ति, निबंधांचीं बक्षिसें आणि वृत्तपत्रांतील लेखन यांवर खर्च भागवून ते १८८० सालीं एम्. ए. झाले.

आतां मुलगा मोठ्या पगाराची सरकारी चाकरी धरील आणि घरचें दारिद्र्य फिटेल, अशी मातोश्रींची आशा असणें स्वाभाविकच होतें. गोपाळरावांनीं आईस पत्र लिहून कळविलें कीं, आपण पैशाच्या मागें न लागतां पोटापुरत्या मिळकतींत संतोष मानून आयुष्य लोकहितास वाहणार आहों. त्याप्रमाणें ते विष्णुशास्त्री चिपळूणकर व बळवंतराव टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलास येऊन मिळाले. १८८१ सालीं निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं त्यांस टिळकांसह मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढें १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज यांच्या स्थापनेंत त्यांचा मोठा वांटा होता. साताऱ्याचें न्यू इंग्लिश स्कूल व सांगलीचें १९१९ सालीं निघालेलें विलिंग्डन कॉलेज हीं याच सोसायटीचीं अपत्यें होत. म्हणजे टेंभूच्या या मुलाच्या त्यागाचें फळ आपल्या भागांतील मुलांस पिढ्यानुपिढ्या मिळत आलें आहे.

मतभेद होऊन त्यांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला, आणि १८८८ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत दोन कारणांनीं स्मरणीय झालें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं ‘सुधारक’ हें पत्र सुरू केलें. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. आणि त्याच वर्षीं त्यांचा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकीकडे समाजाशीं भांडण, दुसरीकडे कर्ता-कर्म-क्रियापदांचा काथ्याकूट, हा योग प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. आमच्या मतें त्यांत कांहींच विचित्र नाहीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण लिहिलें, तेव्हांपासून शब्दांच्या जाती व रूपें यांचा विचार पुष्कळ होत आला होता. वाक्य कसें बांधलें जातें, त्यांतील प्रधान अंग कोणतें व गौण कोणतें, हें शोधण्याचें काम गोपाळरावांनीं हातीं घेतलें. इंग्रजी शाळांत वाक्यपृथक्करणाची जी पद्धति शिकवीत, ती मराठीस लावून पाहण्याचा तो उद्योग होता.

अशा पृथक्करणाचा उपयोग काय, हें दाखविण्यासाठीं आम्ही एक उदाहरण घेतों. तें त्यांच्या ग्रंथांतील नव्हे, आमचें आहे. पण आमच्या वर्गांतील मुलें त्यावर नेहमी अडखळतात. इंग्रजींत ‘द मोर... द मोर...’ अशी दुहेरी रचना येते, व तिच्या दुसऱ्या भागांत ‘लाइक्ली’ हा शब्द आला म्हणजे एक गोष्ट वाढली असतां दुसरीचा संभव वाढतो असा अर्थ होतो. येथला ‘द’ हा नेहमींचें उपपद नव्हे. जुन्या इंग्रजींत तो दर्शक सर्वनामाच्या तृतीयेचें रूप होता. ‘जितक्यानें, तितक्यानें’ असा त्याचा मूळ भाव. म्हणजे संस्कृतांतील ‘यथा यथा, तथा तथा’ आणि मराठींतील ‘जितका, तितका’ यांचा हा भाऊबंदच आहे. फरक इतकाच कीं, इंग्रजींत दोन्ही अंगांस ‘द’ लागतो. त्यामुळें कोणतें वाक्य गौण व कोणतें प्रधान हें केवळ क्रमावरून ओळखावें लागतें, आणि क्रम उलटला तर कारणाचें कार्य होऊन बसतें. मराठींत ‘ज’ असलेलें वाक्य गौण व ‘त’ असलेलें प्रधान, हें कानासच कळतें. क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाहीं. ‘जसजसा, तसतसा’ ही जोडी एकाच गोष्टींत कालांतरानें होणारा पालट दाखविते. ‘जितका, तितका’ ही निरनिराळ्या गोष्टींची तुलना करितांना अधिक शोभते.

आतां ‘पाऊस जितका लांबतो, तितका पीक बुडण्याचा संभव अधिक’ हें वाक्य घ्या. घाईनें भाषांतर करणारा विद्यार्थी ‘संभव’ हा शब्द गाळतो आणि ‘पाऊस लांबला म्हणजे पीक बुडतें’ असें लिहितो. एका शब्दाच्या लोपानें संभवाची निश्चिति झाली! शिवाय ही रचना वाढ कोणत्या दिशेनें होते एवढेंच सांगते. ती किती पटीनें होते हें सांगत नाहीं. तें सांगावयाचें तर ‘संभव दुप्पट’ असें म्हणावें लागतें, आणि तेव्हांहि कशाची दुप्पट हें विचारलें पाहिजे. हजारांत एकास होणारा रोग दोघांस होऊं लागला, तर संभव दुप्पट झाला हें खरें. पण उरलेले ९९८ निरोगीच आहेत हेंहि तितकेंच खरें. तसेंच, दोन गोष्टी बरोबर वाढतात यावरून त्यांचा कांहीं संबंध असावा असें अनुमान निघतें. पण पहिली दुसरीचें कारण आहे, कीं दोहोंचें कारण तिसरेंच आहे, हें आणखी तपासावें लागतें. बरोबर वाढणाऱ्या व घटणाऱ्या गोष्टींवरून कारण शोधण्याची ही रीत जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें आपल्या १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत नियमबद्ध केली. आणि मिल व स्पेन्सर हे तर गोपाळरावांचे आवडते ग्रंथकार होते.

हा विषय केवळ परीक्षेच्या गुणांपुरता नाहीं. १८८९ सालीं कलकत्त्यास फूलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतिसमागमामुळें मरण पावली, आणि संमतिवयाचा प्रश्न देशभर पेटला. वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ सालीं झाला. गोपाळरावांनीं त्याचा हिरीरीनें पुरस्कार केला व त्यापायीं लोकांचा रोष पत्करला. मुलीचें वय जितकें कोवळें, तितका तिच्या जिवास धोका होण्याचा संभव अधिक, हें सुधारणावाद्यांच्या म्हणण्याचें सार. त्यावर आजहि कोणी म्हणतो, आमच्या आजीचें लग्न आठव्या वर्षीं झालें आणि ती ऐंशी वर्षें जगली. एक आजी जगल्यानें ‘संभव अधिक’ हें विधान खोटें ठरत नाहीं. ज्या मुली दगावल्या, त्यांच्या नातवंडांस उत्तर देण्यास येतां येत नाहीं, कारण तीं जन्मलींच नाहींत. वाक्य नीट वाचतां न आल्यानें केवढी हानि होते, हें यावरून ध्यानीं येईल. ज्यानें वाक्यमीमांसा लिहिली त्यानेंच ‘सुधारक’ काढावा, यांत म्हणूनच आम्हांस नवल वाटत नाहीं.

या निर्भीडपणाची किंमत त्यांस द्यावी लागली. पुण्यांत लोकांनीं त्यांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. ते डगमगले नाहींत. १८९२ सालीं वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. दम्यानें शरीर पोखरलें होतें, तरी अध्यापन व लेखन सुटलें नाहीं. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. आपल्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनीं पुडींत बांधून ठेवलेले आढळले. पत्नी यशोदाबाई यांजवर तेवढाहि भार पडूं नये अशी त्यांची इच्छा होती.

विद्यार्थिमित्रांनो, गोपाळरावांचीं सर्व मतें प्रत्येकास पटलींच पाहिजेत असा आमचा आग्रह नाहीं. तसा आग्रह त्यांसहि रुचला नसता. परंतु वाक्य ऐकतांच त्याचें प्रधान अंग कोणतें, त्यांत निश्चय किती व संभव किती, हें विचारण्याची त्यांची संवय आपण उचलावी. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें घरीं असा प्रश्न विचारला, तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नये. मूल जितकें विचारील, तितका तें शहाणें होण्याचा संभव अधिक आहे.